शिकलगार मामांचं बोटाचं मशीन

शिकलगार मामा समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. तुम्ही बोलायला लागलात की त्यांची नजर तुमच्या हनुवटीवरून खाली घसरायची आणि हातांवर येऊन थांबायची. मी तंत्रनिकेतनात शिकवायला लागले त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस माझ्या बांगड्या बघतोय की काय. सत्तावीस वर्षांची होते, सांगलीहून आलेली, इलेक्ट्रॉनिक्स विभागातली एकमेव बाई. कोण कुठे बघतंय याकडे माझं बारीक लक्ष असायचं. मी जरा तुटकपणेच विचारलं, "काय बघताय?"

"हात बघतोय," ते म्हणाले. "तोंड काय बाई, शिकीवल्यागत बोलतंय. हाताला अजून कुणी शिकीवल्यालं न्हाय. तुमचा हात सोल्डरिंगचा हाय, खडूचा न्हाय. पयलं वरीस पोरं तरास देणार तुमाला."

पोरांनी वर्षभर त्रास दिला. मामा प्रयोगशाळेचे सहायक होते, त्यामुळे तो सगळा त्यांच्या समोरच झाला. पण ‘मी म्हणलं नव्हतं का’ असं त्यांनी एकदाही सुनावलं नाही. पोरं दंगा करायला लागली की ते मुद्दाम एखादं ऑसिलोस्कोप खडखडत ओढत आणायचे आणि मधल्या टेबलावर ठेवायचे. तेवढ्यात मला श्वास घ्यायला वेळ मिळायचा.

आमच्याकडे येण्याआधी वीस वर्षं ते एका टॉकीजच्या ऑपरेटर खोलीत होते. कार्बनच्या कांड्या जाळून पडद्यावर उजेड टाकायचे दिवस होते ते. त्या धुराने छाती धरली, डॉक्टरांनी ती खोली सोडायला लावली आणि मामा आमच्याकडे लागले. शिक्षण नववी नापास. पण डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना जे सर्किट समजायचं नाही, ते मामा टेबलावर बोटाने रेघा ओढून समजावून सांगायचे.

त्या खोलीतले त्यांचे उस्ताद म्हणजे आण्णा. नाव मल्लाप्पा. नेसरीकडचे लिंगायत, घरात कानडी आणि बाहेर खणखणीत कोल्हापुरी. दोन प्रोजेक्टर सुरू झाले की खोलीत ओरडलेलंही ऐकू यायचं नाही, म्हणून दोघं वीस वर्षं हातांनीच बोलले. मामांना हात वाचायची सवय लागली ती तिथे. त्यांची एक आवडती गोष्ट होती, ती मी निदान दहा वेळा ऐकली असेल.

"फिल्लमच्या कडंला आवाजाची बारीक पट्टी आसती बघा. तिच्यातनं उजेड जातोय, पलीकडं काचंचा डोळा हाय, त्येच्यावर पडतोय, की झाला आवाज. एकदा मशीन मोकळीच चालू हुती. म्या मधी बोट घातलं. खाली हालात धप्प झालं. आण्णा खाली खुर्च्या बघत हुतं, पळत वर आलं. म्हणलं आता थोबाडीत बसती. तर म्हणलं, ‘परत कर.’"

मग म्हणे दोघं तासभर त्या उजेडात बोटं घालत बसले होते. सावलीला आवाज असतो हे आपल्याला त्या दिवशी कळलं, असं मामा सांगायचे.

मी लागल्यानंतर दुसऱ्या वर्षी संस्थेने एक कॉम्प्युटर घेतला. म्हणजे काय, तर एक की-बोर्ड, त्याला जोडलेला काळा-पांढरा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला कॅसेटचा टेपरेकॉर्डर. त्याला नारळ फोडला, वेगळी खोली दिली, दाराबाहेर चपला काढायचा नियम केला आणि किल्ली विभागप्रमुखांनी स्वतःच्या कमरेला लावली. मामा त्याला ‘पावणं’ म्हणायचे. "पावण्याचं व्होल्टेज बघिटलं का? पावण्याला पांघरूण घाटलं का?" पहिले सहा महिने आम्ही त्या पाहुण्यावर वर्तुळं काढणं आणि पाढे छापणं यापलीकडे काही केलं नाही.

मामांनी त्याला हात दाखवला. उजेड कमी-जास्त झालेला ओळखणारे छोटे सेल आमच्या कपाटात धूळ खात पडले होते. त्यांनी एक बुटांचं खोकं घेतलं, आतून काळा कागद चिकटवला, एका बाजूला बॅटरीचा बल्ब आणि समोरच्या बाजूला चार सेल बसवले, आणि वायरी कॉम्प्युटरला खेळाची दांडी जोडतात त्या सॉकेटमध्ये नेल्या. मी प्रोग्रॅम लिहिला. खोक्यात हात डावीकडे नेला की टीव्हीवरचा ठिपका डावीकडे जायचा, वर नेला की वर. कशालाही स्पर्श न करता. पोरं रांग लावून हात घालायला यायची. प्राचार्य येऊन बघून गेले आणि हे अभ्यासक्रमात आहे का, एवढंच विचारलं. मला मात्र त्या दिवसापासून आपण काहीतरी मोठं केलंय असं वाटायला लागलं. तेव्हा जगात असले प्रयोग कुठे कुठे चालले होते याची मला काडीची कल्पना नव्हती, आणि त्यामुळे माझा गर्व अगदी निखळ होता.

त्याच पावसाळ्यात आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. अर्धांग कसलं, सगळंच अंग गेलं. वाचा गेली, मान गेली. डोळे मिटायचे ते मनाप्रमाणे मिटत नसत. राहिलं होतं ते उजव्या हाताचं पहिलं बोट. ते दोन इंच वर उठायचं आणि पुन्हा चादरीवर यायचं. आण्णांचा मुलगा सदाशिव राजारामपुरीत स्पेअर पार्टचं दुकान चालवायचा, घर वरच्या मजल्यावर. मामा रोज कॉलेज सुटलं की सायकलवरून तिथे जायचे, आण्णांचा हात हातात घेऊन बसायचे आणि घरच्यांना सांगायचे, "पाणी पायजे म्हणतंय," "खिडकी लावा म्हणतंय." घरच्यांना ते पटायचं आणि पटायचंही नाही. सदाशिव मामांना चाचा म्हणायचा; तो एकदा मला म्हणालाच, "चाचा त्येंच्या मनाचं सांगत्यात का आण्णांच्या, कुणाला म्हाईत?"

म्हणून मामा माझ्याकडे आले. "बाई, आण्णा काय म्हणतंय ते सगळ्यांच्या डोळ्यानं दिसंल असं कायतरी करा. मी काय जलमभर दुभाषा म्हणून पुरणार हाय?"

आम्ही बोटाचं मशीन केलं. छोटं खोकं, एक बल्ब, एक सेल. बोट उचललं की उजेड अडायचा आणि टीव्हीवर मोठ्या अक्षरांत ‘होय’ उमटायचं. त्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून भरून एकेक अक्षर ठिपक्यांनी तयार केलं, त्याला महिना लागला. ‘होय’ आणि ‘नाही’, दोनच शब्द. मामा म्हणाले, "आण्णा जल्मात होय म्हणल्यालं न्हाईत. व्हय लिवा." मी हसले आणि ‘होय’च ठेवलं.

प्रश्न विचारायचा, बटण दाबायचं, पडद्यावर पाचपासून उलटे आकडे यायचे. त्या पाच सेकंदांत बोट उचललं तर ‘होय’. नाही उचललं तर ‘नाही’. मामांना हे पहिल्यापासून खटकलं.

"आन् कळालंच न्हाय तर? न्हाईतर इच्यार करत आसंल तर?"

"मामा, मशीनला दोनच गोष्टी कळतात."

"मशीनला न्हवं, माणसाला इचारतोय आपण. बोट गप ऱ्हायलं म्हंजी न्हाय, असं कोन म्हणलं? तिसरं कायतरी ठेवा की. ‘परत इचारा’ म्हणून."

अक्षरांनी मेमरी भरली, आता जागा नाही, असं मी त्यांना सांगितलं. जागा होती. आणखी दहा-बारा अक्षरं ठिपक्यांनी भरायचा मला कंटाळा आला होता. पुढच्या वेळी बघू, असं म्हणून मी विषय संपवला.

प्राचार्यांनी चक्क सही केली आणि आम्ही पाहुण्याला रिक्षाने राजारामपुरीत नेलं, टीव्ही माझ्या मांडीवर आणि स्टॅबिलायझर मामांच्या. सदाशिवच्या बायकोने दारात पाणी फिरवलं. कॅसेटवरून प्रोग्रॅम दोनदा चढला नाही, तिसऱ्यांदा चढला. सदाशिवने विचारलं, "आण्णा, च्या पायजे?" तीनवर असताना बोट उठलं. ‘होय’. मग सुनेने विचारलं, "साखर घालू?" आण्णांना मधुमेह होता, साखर वर्षानुवर्षं बंद. आकडा पाचचा चार व्हायच्या आधी बोट वर. सगळे हसले, सदाशिव हसता हसता रडला, आणि शेवटी पाव चमचा साखर घातलीच. त्या संध्याकाळी जिना उतरताना मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, राहून गेलं.

मशीन तिथेच ठेवलं. पुढे दोन महिने आण्णांनी त्या पडद्यावर पुष्कळ काही सांगितलं. आणि हळूहळू घरातल्या लोकांनी आण्णांकडे बघणं सोडलं. प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांनी टीव्हीकडे तोंड करायचं. पाहुणे-रावळे आले की त्यांनाही आधी पडदा दाखवायचे. मला ते कौतुकाचं वाटत होतं.

मग आण्णांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. काळेपणा चार दिवसांत घोट्यापर्यंत आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाय गुडघ्याखाली काढायला पाहिजे, आठवड्याच्या आत, नाहीतर विष अंगात भिनेल आणि माणूस जाईल. काढला तर जगतील.

सदाशिवचा हात सहीला उठेना. लिंगायतांत माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. आण्णा धडधाकट होते तेव्हा नेसरीच्या शेतातली एक जागा दाखवून म्हणायचे, "मला हितं बशीवायचं, अशी नीट मांडी घालून." पाय काढला तर मांडी कशी घालायची? गावाकडचे भाऊबंद येऊन बसले होते. कुणी म्हणे काढा, कुणी म्हणे नको. शेवटी सदाशिव म्हणाला, "आण्णास्नीच इचारू या. त्येंचा पाय हाय."

तो रविवार होता. मी मुद्दाम गेले होते, कारण एवढा मोठा प्रश्न माझ्या मशीनला कुणी पहिल्यांदाच विचारणार होतं. हे लिहितानाही लाज वाटते. सदाशिव वाकला आणि म्हणाला, "आण्णा, डाक्टर म्हणत्यात पाय काढला तर जगशीला. काढू या?" आणि बटण दाबलं. पाच. चार. तीन. दोन. एक. ‘नाही’.

भाऊबंदांतला एक म्हातारा लगेच म्हणाला, "झालं. बशीवूनच जायाचं म्हणत्यात." सदाशिवने डोळे पुसले. सगळे पडद्याकडे बघत होते, मीसुद्धा. मामा एकटेच पलंगाच्या कडेला बसून आण्णांचा हात बघत होते.

"थांबा," मामा म्हणाले. "बोट उठलं."

"कवा?"

"आत्ता. आकडं संपल्यावर. हळू उठलं. लेका सदा, त्येंला इच्यार करायला येळ लागला आसंल. पाय काढायचा का म्हणून इचारलंस, च्या पायजे का म्हणून न्हवं. परत इचार."

सदाशिवने मान हलवली. "चाचा, त्येंच्या डोळ्यांतनं पाणी आलंय, दिसंना तुमाला? बापाला किती डाव इचारू मी, तुझा पाय तोडू का म्हणून? त्येंनी सांगिटलं. ह्ये बघा, लिवलंय."

‘नाही’ पडद्यावर तसंच होतं. माझी अक्षरं, ठळक, सुबक. त्यांच्यापुढे एका म्हाताऱ्या माणसाने पाहिलेलं बोट कुणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी मामा कॉलेजला आले नाहीत. नंतर कळलं, ते नेसरीला, आण्णांच्या घराण्याच्या मठात गेले होते. एक मुसलमान माणूस एस.टी.ने मठात जातो आणि स्वामींना विचारतो, पाय नसला तर माणसाला बसवता येतं का. स्वामी म्हणाले, येतं, जीव आधी. हे घेऊन मामा संध्याकाळी राजारामपुरीत पोहोचले. सदाशिव म्हणाला, "स्वामींनी परवानगी दिली चाचा, पर आण्णांनी कुठं दिली?"

मंगळवारी सकाळी दोघंही प्रयोगशाळेत आले. सदाशिवने दाढी केलेली नव्हती. तो दारातच उभा राहिला, चपला काढून, आणि म्हणाला, "म्याडम, चाचा म्हणत्यात मशीन चुकलीया. तुमी केल्याली हाय. तुमी सांगा. मशीन चुकती काय? तुमी चुकती म्हणला तर मी आत्ता जाऊन सही करतो."

इतकं सरळ विचारलं त्याने. मला ठाऊक होतं की ते मशीन पाच सेकंदांपुढचं काही बघत नाही. मला ठाऊक होतं की बोट न उठणं आणि नाही म्हणणं यांत फरक आहे, कारण मामांनी मला तो सांगितला होता आणि मी तो उडवून लावला होता. पण पुढच्या आठवड्यात संचालनालयाची माणसं पाहणीला येणार होती, प्राचार्यांनी बोटाचं मशीन त्यांना दाखवायचं ठरवलं होतं, विभागप्रमुख टेबलाशी बसून ऐकत होते, आणि माझ्याच्याने म्हणवलं नाही की प्रोग्रॅममध्ये माझी चूक आहे. मी म्हणाले, "मशीन आपल्या मनाचं काही लिहीत नाही, सदाशिवराव."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं. सदाशिवने नमस्कार केला आणि गेला. मामा माझ्या हातांकडे बघत राहिले. मी ते पदरात घेतलेले होते. "बरं," एवढंच ते म्हणाले, आणि पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी त्याहून मोठं वाक्य बोलले नाहीत.

आण्णा त्या रविवारानंतर नवव्या दिवशी गेले. शेवटचे तीन दिवस ते तापात होते आणि बोटही हलत नव्हतं. नेसरीच्या शेतात, त्यांनी दाखवलेल्या जागी, त्यांना मांडी घालून बसवलं. मामा खड्ड्याच्या काठावर शेवटपर्यंत उभे होते असं मला दुसऱ्यांकडून समजलं. मी गेले नाही. मशीन परत कॉलेजात आणलं, पाहणीला माणसं आली, त्यांना बोटाचं मशीन आवडलं, त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मामांनी त्या दिवशी रजा घेतली होती.

पुढचं लिहायचं की नाही, यावर मी बरीच वर्षं विचार केला. मामा जाऊन आता खूप दिवस झाले. सदाशिवही दोन वर्षांपूर्वी गेला. ज्याच्यापासून हे झाकून ठेवायचं होतं तो माणूस उरला नाही, म्हणून लिहिते.

आण्णा गेल्यावर महिन्याभराने सदाशिव पुन्हा प्रयोगशाळेत आला. दुपारची वेळ, प्रॅक्टिकल संपलेलं. मी आणि मामा दोघंच होतो. मामा पलीकडच्या टेबलाशी मीटर पुसत होते. सदाशिव निम्मा झाला होता. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"म्याडम, एकच इचारायचंय. झोप लागंना झालीया मला. डोळा मिटला की त्ये बोट दिसतंय. चाचा म्हणलं तसं खरंच उठलं आसंल का वो? आण्णा व्हय म्हणत आसत्याल का? खरं सांगा. काय बी आसू दे, खरं सांगा."

महिनाभर मी मनात घोकत होते की हा समोर आला की याला सगळं सांगून टाकायचं, पाच सेकंदांचं, मेमरीचं, माझ्या आळसाचं. माझी चूक होती, मशीनची होती, तुमची नव्हती, असं म्हणायचं. मी तोंड उघडलं.

"न्हायच म्हणलं हुतं," मामा टेबलाशी बसूनच म्हणाले.

सदाशिव वळला. "तुमीच तर म्हणलासा चाचा, बोट उठलं म्हणून."

"माझं चुकलं. डोळ्याला चाळीशी हाय माझ्या, त्यात पाणी आल्यालं. म्या नंतर लई इच्यार केला. बोट गप हुतं. आण्णा न्हायच म्हणलं सदा, बशीवूनच ने म्हणलं. तू त्येंचं ऐकलंस. चांगलं केलंस."

सदाशिव मग खुर्चीवर बसला आणि मोठ्याने रडला. मामा उठून त्याच्याजवळ गेले, पाठीवरून हात फिरवत राहिले. मग तिघांनी चहा घेतला. जाताना सदाशिव म्हणाला, आज झोप लागंल बहुतेक. त्याची स्कूटर फाटकाबाहेर जाईपर्यंत मामा खिडकीत उभे होते.

मी म्हणाले, "मामा, बोट उठलं होतं ना?"

"उठलं हुतं की."

"मग त्याला तसं का सांगितलंत?"

"त्येला पोरं हाईत, दुकान हाय. त्येनं झोपायला पायजे." त्यांनी पुन्हा मीटर हातात घेतला.

मला वाटलं, आता ते मलाही काहीतरी म्हणतील. महिनाभर मी त्याचीच वाट बघत होते. शेवटी मीच विचारलं, "आणि मला काय सांगता?"

मामांनी मीटरची काच पुसून संपवली, उजेडात धरून बघितली, आणि कपाटात ठेवली.

"तुमाला मी न्हाय तसलं कायबी सांगणार, बाई. तुमी अजून लई मशिनी करणार. तुमी जागंच ऱ्हावा."